बाउलचं घड्याळ दोन-तीन तासांत थांबतंय? झाकण उघडण्याआधी एवढं तपासा

बाउलचं घड्याळ म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या बाउल सामन्याची आठवण म्हणून खेळाडूला मिळालेलं जुनं मनगटी घड्याळ. चावी दिली की ते लगेच टिकटिकायला लागतं. दोन-तीन तास वेळही बरोबर दाखवतं आणि मग गप्प होतं. हातात घेऊन जरा हलवलं की पुन्हा सुरू. सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. बाकीची लक्षणं अशी:

• टेबलावर उताणं ठेवलं तर चालतं, मनगटावर बांधलं किंवा उभं धरलं की थांबतं.
• मोठा काटा लहान काट्यावर आला की नेमकं तिथेच अडतं.
• दहा-बारा तास नीट चालतं, पण दुसऱ्या सकाळपर्यंत टिकत नाही.
• थांबत नाही, पण तासाला पाच-दहा मिनिटं पुढे पळतं.
• चावी पूर्ण भरलेली, तरी टिकटिक नाही.
• चावी कितीही फिरवा, फिरतच राहते, कुठे घट्ट लागत नाही.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं काही करू नका. मेन स्प्रिंग, म्हणजे चावीची ताकद साठवणारी स्प्रिंग, तुटली आहे किंवा तिला धरून ठेवणारा खटका गेला आहे, आणि हे काम घरचं नाही. (घड्याळ ऑटोमॅटिक असेल तर चावी अशी फिरत राहणं स्वाभाविक आहे, घाबरू नका.) बाकी पाच लक्षणांसाठी मात्र घरी बसून बरंच काही करता येतं.

मी डॅलसजवळ राहतो. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलपटूंना बाउल सामन्यांची आठवण म्हणून मिळालेली जुनी मनगटी घड्याळं जमवतो आणि जमेल तेवढी स्वतःच चालती करतो. हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू छातीशी धरून पळायचा अमेरिकन खेळ. हंगाम संपला की निवडक संघांना नव्या वर्षाच्या तोंडावर बाउल सामन्याचं बोलावणं येतं. पॅसाडिनाचा रोझ बाउल यातला सगळ्यात जुना: पहिला सामना १९०२ साली आणि १९१६ पासून दरवर्षी. मायामीचा ऑरेंज बाउल आणि न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाउल १९३५ पासून, आमच्या डॅलसचा कॉटन बाउल १९३७ पासून. ही मुलं हौशी खेळाडू. खेळाचे पैसे घ्यायला तेव्हा बंदी होती, म्हणून आठवणीची वस्तू दिली जायची, आणि त्या वस्तूंमध्ये मनगटी घड्याळाचा मान मोठा. मागच्या झाकणावर सामन्याचं नाव आणि साल, कधी खेळाडूचं नावही कोरलेलं. काहींच्या तबकडीवर सामन्याचं चिन्ह.

आतलं मशीन बहुतेक वेळा हॅमिल्टन, बुलोव्हा, ग्रुएन, एल्गिन अशा कंपन्यांचं, कुणीही दुकानातून घेऊ शकेल असंच. तसंच दुसरं मशीन आजही मिळतं. झाकणावरचं नाव मात्र एकदा घासलं गेलं की गेलंच. म्हणून खालचा सगळा क्रम एका गोष्टीला धरून आहे: झाकणाला हात लागायची वेळ जितकी उशिरा येईल तितकं बरं.

माझे मामा सोलापूरला नव्या पेठेत घड्याळजी होते. शाळेच्या सुट्टीत त्यांच्या काचेच्या पेटीशेजारी बसून मी हे काम पाहिलं. त्यांच्याकडे एचएमटी जनता ढिगाने यायची. १७ ज्वेलचं (म्हणजे चाकांच्या आसांना टेकू देणाऱ्या १७ खड्यांचं) चावीचं मशीन, सेकंदाला पाच ठोके. कॉटन बाउलची बहुतेक घड्याळं याच जातीची आहेत. त्यामुळे वडिलांचं एचएमटी कपाटात पडलं असेल तर त्यालाही यातलं जवळपास सगळं लागू होतं.

पहिली तपासणी फुकटची: झाकण वाचा

खिडकीजवळ बसा, उजेड तिरका पडू द्या आणि मोबाइलने मागच्या बाजूचे चार-पाच फोटो काढा. हे फोटो पुढे दुरुस्तीला देताना पुरावा म्हणून लागतील.

मग साल आणि मशीन जुळतं का ते बघा. १९५० पासून बुलोव्हाने घड्याळांवर एक अक्षर आणि एक आकडा टाकला आहे. एल म्हणजे पन्नासचं दशक, एम म्हणजे साठचं, एन म्हणजे सत्तरचं. एल ६ म्हणजे १९५६. आता १ जानेवारी १९५७ चा कॉटन बाउल घ्या. सिरॅक्यूज विद्यापीठाकडून जिम ब्राउन खेळला, त्याची एक किक अडवली गेली आणि टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाने २८-२७ असा एका गुणाने सामना मारला. या सामन्याचं घड्याळ आदल्या वर्षीच तयार झालेलं असणार, म्हणून एल ५ किंवा एल ६ दिसलं तर ठीक. एल ९ दिसलं तर झाकण किंवा मशीन नंतर कुणीतरी बदललं आहे. हॅमिल्टनचं २२ ज्वेलचं ७७० नंबरचं मशीन १९५५ साली आलं. १९५१ च्या घड्याळात ते निघालं तर तीच गोष्ट. हा नंबर झाकण उघडल्यावरच दिसतो, तेव्हा तो पुढे बघायचा.

कोरीव मजकुराबद्दलही दोन गोष्टी. १९५६ साली १ जानेवारीला रविवार आला, त्यामुळे मोठे बाउल सामने २ तारखेला झाले. आणि १९४२ चा रोझ बाउल पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर पॅसाडिनातून हलवून नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला खेळवला. तारीख किंवा गाव याच्याशी जुळत नसेल तर विकणाऱ्याला चार प्रश्न जास्त विचारा.

थांबणाऱ्या घड्याळाशी याचा काय संबंध, असं वाटेल. संबंध सरळ आहे. मशीन बदललेलं असेल तर काट्यांची उंची मूळ तबकडीला जुळत नाही. कधी तबकडीचे पाय, म्हणजे तिला मशीनला धरून ठेवणाऱ्या मागच्या बारीक खुंट्या, कापून ती गोंदाने चिकटवलेली असते, मग ती सरकते आणि काटे अडकतात. अशा घड्याळाला कितीही तेल-पाणी केलं तरी ते थांबतच राहतं, कारण दोष मशीनमध्ये नसतोच.

दुसरी: चावी पूर्ण भरली आहे का

अर्ध्या तक्रारी इथे संपतात, असं मी म्हणणार नाही, पण दरवर्षी दोन-चार तरी संपतात. "जास्त चावी दिली तर बिघडेल" या भीतीने लोक सात-आठ फेरे देतात आणि सोडून देतात. चावीचं घड्याळ पूर्ण भरायला साधारण वीस ते तीस फेरे लागतात. चावी आपणहून घट्ट लागेपर्यंत हळूहळू फिरवा, तिथे थांबा, जोर लावू नका. असं भरलेलं घड्याळ तब्येत चांगली असेल तर ३६ ते ४० तास चालायला हवं.

चावी पूर्ण आत बसली आहे का तेही बोटाने दाबून बघा. ती अर्धवट बाहेर राहिली तर काटे फिरवणारी चाकं मध्येच अडकतात आणि मशीनवर ओझं येतं. कित्येकदा जुन्या चावीच्या बुडाशी घाम आणि धूळ साचून कडक थर झालेला असतो, तोच तिला आत जाऊ देत नाही. कोरड्या मऊ टूथब्रशने तो झटका. पाणी नको.

तिसरी: तीन दिवसांची वही

पूर्ण चावी द्या, तबकडी वर करून ठेवा आणि कधी थांबतं ते लिहा. दुसऱ्या दिवशी तबकडी खाली. तिसऱ्या दिवशी चावी खाली येईल असं उभं. तीन नोंदींवरून बराचसा दोष कळतो:

तिन्ही स्थितींत दोन-तीन तासांतच थांबतं, म्हणजे तेल वाळलंय किंवा मशीनमध्ये कचरा आहे. दहा-चौदा तासांनी थांबतं, म्हणजे मेन स्प्रिंग दमली आहे. एकाच स्थितीत थांबतं, म्हणजे बॅलन्सच्या (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या) आसाची टोकं झिजली असण्याची शक्यता मोठी. आणि वेळ वेगळी पण काट्यांची जागा तीच, म्हणजे पुढची तपासणी.

घड्याळजीकडे जायची वेळ आली तर ही वही सोबत न्या. "थांबतं हो" एवढंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचं घड्याळ त्याला आधी आठवडाभर नुसतं बघत बसावं लागतं.

चौथी: काटे

मोठा काटा लहान काट्याला दर ६५ मिनिटांनी, आणि वर सुमारे २७ सेकंदांनी, गाठतो. तिथे दोघं एकमेकांना घासत असतील तर घड्याळ साधारण तासाभराने हटकून अडणार. भिंग घ्या, घड्याळ डोळ्याच्या पातळीला आडवं धरा, पलीकडून उजेड येऊ द्या आणि चावी ओढून काटे सावकाश बारा तास फिरवा. दोन काट्यांमध्ये प्रत्येक वेळी उजेडाची फट दिसली पाहिजे. मोठ्या काट्याच्या टोकावर आणि काचेच्या आतल्या बाजूलाही फट हवी. या घड्याळांची काच कधीतरी बदललेली असते आणि नवी काच मूळ काचेपेक्षा चपटी असते. काचेवर आतून केसाइतका बारीक गोल ओरखडा दिसला तर समजा की काटा तिथे घासतोय.

सहाच्या वर छोटा सेकंद काटा असेल तर त्याच्याकडे नीट बघा. एका शुगर बाउलच्या घड्याळापायी माझे दोन महिने गेले. सगळं तपासलं, काही सापडेना. शेवटी भिंगातून दिसलं की सेकंद काट्याचं शेपूट तबकडीच्या छापील आकड्यावर टेकतंय. तिथली शाई इतकी झिजली होती की खालचा पितळी रंग चमकत होता. काटा जरा वर घेतला आणि त्या रात्री ते पहिल्यांदा सकाळपर्यंत चाललं.

काटे तुम्ही स्वतः वाकवू नका. तबकडीवर किंवा काट्यांवर पिवळट-तपकिरी झालेलं चमकणारं रंगद्रव्य असेल तर काच काढायचा विचारही नको. चाळीस-पन्नासच्या दशकांत ते रेडियमचं असायचं. चमक गेली तरी रेडियम तसंच आहे, त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं. बंद काचेआड असलेलं घड्याळ जपून हाताळता येतं, पण त्याची भुकटी श्वासात किंवा पोटात जाणं घातक.

पाचवी: मॅग्नेट लागलंय का

पुढे पळणाऱ्या घड्याळासाठी ही तपासणी सगळ्यात आधी करा. हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सला मागेपुढे झुलवणारी केसासारखी स्प्रिंग, चुंबकीय झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंग जणू आखूड होते आणि ठोके भरभर पडतात. मोबाइलचा स्पीकर, पर्सची चुंबकी कडी, फ्रिजचं दार, एवढंही पुरतं.

साधं होकायंत्र टेबलावर ठेवा आणि चालू घड्याळ हळूच त्याच्या वर आणा. सुई ठोक्यांबरोबर थरथरली तर मॅग्नेट लागलंय. त्यावर दहा-पंधरा डॉलरचं छोटं यंत्र मिळतं. घड्याळ त्याच्याजवळ धरायचं, बटण दाबायचं आणि बटण दाबून ठेवूनच घड्याळ हळूहळू हातभर लांब न्यायचं, मगच बटण सोडायचं. जवळ असतानाच बटण सोडलं तर मॅग्नेट जाण्याऐवजी जास्त लागू शकतं. होकायंत्राची सुई स्वस्थ आहे आणि घड्याळ तरी पळतंय, तर हेअरस्प्रिंगवर तेल गेलं असण्याचा संभव जास्त. ते घरी निघत नाही.

मॅग्नेट काढून झालं की मोबाइलवर ठोके मोजणारं एखादं ॲप घ्या आणि घड्याळाची चावीची बाजू मायक्रोफोनला लावा. त्यात ॲम्प्लिट्यूड बघा, म्हणजे बॅलन्स किती अंशात झुलतो ते. पूर्ण चावीवर, तबकडी वर असताना, निरोगी मशीन २७० ते ३०० दाखवतं. २२० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंग हवं. १८० च्या खाली ते नुसतं रडतखडत चालतंय. मोबाइलचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण दिशा बरोबर सांगतो.

सहावी: झाकण, आणि इथे जरा बसा

इथपर्यंत काही सापडलं नसेल तरच हे. झाकण उघडता येत नसेल तर ही पायरी सोडून थेट घड्याळजीकडे जा, त्यात कमीपणा नाही.

या घड्याळांची झाकणं तीन तऱ्हेची. दाबून बसवलेली, पेचाची, आणि चाळीसच्या दशकातल्या चौकोनी घड्याळांत तर कधी पुढची चौकट आणि मागचा भाग एकमेकांत बसवलेले. कडेला नखाएवढी खाच शोधा. खाच दिसत नसेल तर सुरी लावू नका. दाबाच्या झाकणाला सुरी लावण्याआधी कोरलेल्या मजकुरावर कागदी चिकटपट्टीचे दोन थर लावा. मी एकदा लावले नाहीत. सुरी सटकली आणि बाउल या इंग्रजी शब्दातल्या ओ अक्षरावरून तिरकी रेघ गेली. सत्तर वर्षं जे अक्षर शाबूत होतं ते माझ्या हातून एका क्षणात चिरलं गेलं, आणि ती रेघ अजून तशीच आहे.

झाकण निघालं की त्याची आतली बाजू आधी बघा. जुने घड्याळजी दुरुस्ती केली की तिथे सुईने बारीक आकडे आणि तारीख ओरखडून ठेवायचे. भिंगाखाली ते वाचता येतात. शेवटची तारीख १९६१ ची असेल तर उत्तर तिथेच मिळालं: घड्याळ सहा दशकं तेलाविना आहे. त्या काळी घड्याळांत पॉरपॉइज या समुद्री प्राण्याच्या जबड्यातून काढलेलं तेलही वापरलं जाई. उत्तम तेल, पण वर्षांनुवर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहिलं की घट्ट होतं, लाखेसारखं चिकटतं. ज्वेलच्या लाल खड्यांभोवती तपकिरी किंवा हिरवट कडं दिसतं ते हेच. म्हणून पूर्ण चावी असूनही घड्याळ हलत नाही, किंवा हाताची ऊब आणि हिसका मिळाला की थोडा वेळ चालतं आणि थांबतं. अगदी सुरुवातीची तक्रार आठवा.

रबरी फुग्याने बॅलन्सवर हलकीशी हवा सोडा, तोंडाने फुंकू नका, वाफेने गंज चढतो. बॅलन्स सैल झुलून हळूहळू थांबला तर आस शाबूत आहे. डुगडुगला, कलला किंवा दोन झोक्यांत थांबला तर तिथे दोष.

आणि तेल घालू नका. शिलाई मशीनचं नाही, खोबरेल तर नाहीच, फवाऱ्याचं कुठलंही नाही. जुन्या चिकट तेलावर नवं पडलं की दोन्हींचा मिळून चिखल होतो, तो हेअरस्प्रिंगवर चढतो, आणि नुसत्या सर्व्हिसिंगचं घड्याळ मोठ्या दुरुस्तीचं होऊन बसतं. माझ्याकडे आलेल्या घड्याळांतली सगळ्यात वाईट अवस्था अशाच प्रेमाने तेल घातलेल्यांची होती.

चावीचं नसेल तर

साठच्या दशकातलं घड्याळ टिकटिक न करता गुणगुणत असेल तर ते बुलोव्हाचं ॲक्युट्रॉन आहे. आत सेकंदाला ३६० वेळा कंप पावणारा स्वरकाटा असतो. ते १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेलं, आजचा सेल १.५५ चा. त्यामुळे काही ॲक्युट्रॉन भलतीच पळतात. त्यासाठी जाणकाराकडून वेगळं जुळवून घ्यावं लागतं. हॅमिल्टनचं १९५७ सालचं इलेक्ट्रिक असेल तर त्याचे संपर्क-तारांचे भाग इतके नाजूक असतात की मी स्वतः त्याला हात लावत नाही. घरी फक्त सेल गळलाय का बघा.

इथे थांबा

गंज दिसला, काचेआड बाष्प दिसलं, हेअरस्प्रिंगचे वेढे वाकडे दिसले, बॅलन्स कलला, ॲपमध्ये ॲम्प्लिट्यूड कमी आला, मेन स्प्रिंग दमल्याची लक्षणं आहेत किंवा रेडियमची तबकडी काढायची आहे, यातलं काहीही असेल तर झाकण लावा आणि चावीच्या जुन्या घड्याळांवर रोज काम करणारा माणूस गाठा. मेन स्प्रिंग भरलेली असताना मशीन खोलणं तर अजिबात नाही. अडकवलेली ताकद एकदम सुटली की चाकांचे दात आणि आसांची टोकं मोडतात. जुन्या निळसर पोलादी स्प्रिंगा दमतातच. बाहेर काढली तर चांगली स्प्रिंग उलटी वळून मोठी पसरते, दमलेली तिथल्या तिथे वेटोळं घालून पडून राहते. ती बदलली की दहा-बारा तासांचं घड्याळ पुन्हा दीड दिवस चालतं.

देताना मात्र तोंडी सांगून भागत नाही. एका दुकानात मी रोझ बाउलचं घड्याळ फक्त सर्व्हिसिंगला दिलं. परत आलं तेव्हा सुंदर चालत होतं आणि लखलखत होतं. झाकण बफवर घासून दिलं होतं, न सांगता, भेट म्हणून. खेळाडूच्या नावातली शेवटची तीन अक्षरं आता फक्त तिरक्या उजेडात दिसतात. त्या माणसाने वाईट हेतूने काहीच केलं नाही, आणि म्हणूनच आता मी घड्याळासोबत चिठ्ठी देतो, त्यावर त्याची सही घेतो आणि झाकणाचे फोटो जोडतो. चिठ्ठीत एवढंच:

केस आणि झाकण घासायचं नाही. तबकडी नवी रंगवायची नाही, धुवायची नाही. काटे बदलायचे नाहीत. कुठलाही भाग बदलण्याआधी फोन करायचा. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत द्यायचा.

ती पिशवी घड्याळासोबतच ठेवा, आत दमलेली स्प्रिंग असली तरी. घड्याळ घरी आलं की पुन्हा वही काढा आणि त्याच तीन स्थितींत तीन दिवस नोंद करा. एका दिवशीही चोवीस तासांच्या आत थांबलं तर हमीची मुदत संपायच्या आत, वहीसकट, परत घेऊन जा.